गाडग्यातली नाणी, कपाटातली नाणी

जयपूरच्या ईशान्येला विराटनगर आहे. जुन्या कागदांत त्याचं नाव बैराट. गावाबाहेरच्या बीजक टेकडीवर मौर्यकाळापासूनच्या बौद्ध मठाचे अवशेष पसरलेले आहेत. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या महासंचालकपदावरून निवृत्त झाल्यावर दयाराम साहनी जयपूर संस्थानच्या सेवेत आले आणि १९३६ च्या सुमारास त्यांनी इथे उत्खनन केलं. मठाच्या एका खोलीत त्यांना मातीचं एक भांडं मिळालं. आत छत्तीस चांदीची नाणी होती. त्यांतली अठ्ठावीस ग्रीक आणि हिंदी-ग्रीक राजांची, आणि या अठ्ठाविसांत एकट्या मिनँडरची सोळा. उरलेली आठ आहत नाणी, म्हणजे चांदीच्या तुकड्यावर वेगवेगळे ठसे मारून केलेली, या देशातली सर्वांत जुनी नाणी. ही आठ नाणी सुती कापडाच्या एका तुकड्यात वेगळी गुंडाळून ठेवलेली होती. नाण्यांवरून मठाचा काळ ठरवता आला, हे सगळी पुस्तकं सांगतात. कापडाबद्दल मात्र एखादं वाक्य लिहून पुढे जाण्याची रीत आहे. मला हे कापड नाण्यांइतकंच मोलाचं वाटतं. जुन्या नाण्यांच्या संग्रहात साठवणुकीमुळे होणारी खराबी कशाला म्हणायचं आणि तिच्याशी कसं वागायचं, या प्रश्नाचं उत्तर जयपूरच्या परिसरात शोधायचं तर सुरुवात या कापडापासून करावी लागते.

सुती कापड जमिनीत टिकत नाही. ओल, बुरशी आणि सूक्ष्मजंतू काही वर्षांत त्याची माती करतात. ते टिकतं ते अपवाद म्हणून, आणि या अपवादाचं एक ठरलेलं कारण म्हणजे शेजारी असलेला धातू. जुन्या चांदीच्या नाण्यात तांबं मिसळलेलं असतं. जमिनीतल्या ओलीने ते हळूहळू विरघळून बाहेर येतं, पृष्ठभागावर हिरवा थर धरतं आणि त्या क्षारांत बुडालेल्या धाग्यांना जंतू शिवत नाहीत. बैराटचं कापडही असंच वाचलं असणार. म्हणजे नाण्यांवरचा जो हिरवेपणा आपण गंज म्हणून खरवडून काढू, त्यानेच त्या गाठोड्याचा पुरावा जपला. आता कल्पना करा की हे भांडं साहनींच्या ऐवजी एखाद्या शेतकऱ्याच्या नांगराला लागलं असतं. नाणी चिंचेच्या पाण्यात पडली असती, लख्ख झाली असती, छत्तीसच्या छत्तीस ओळखूही आली असती. पण कोणीतरी जुन्या चलनाची नाणी नव्या चलनापासून निराळी काढून बांधून ठेवली होती, हे कधीच कळलं नसतं. त्या मठात राहणाऱ्या कोणाला तरी, जुन्या ठशांची नाणी आणि राजाचा मुखवटा असलेली नाणी या दोन वेगळ्या वस्तू वाटत होत्या. व्यवहारात त्यांचा भाव वेगळा होता म्हणून, की जुनी नाणी दानातली होती म्हणून, ते कापड सांगत नाही. पण प्रश्न विचारण्याची सोय त्या चिंधीमुळेच झाली.

माझं म्हणणं एवढंच आहे. साठवणुकीत नाण्यावर जे चढतं, त्यातला बराचसा भाग त्या साठवणुकीची नोंद असतो. त्याला सरसकट घाण समजून नाणं घासणं ही संग्रहातली सर्वांत मोठी खराबी आहे, आणि ही सवय शास्त्रातून आलेली नसून सराफीतून आलेली आहे. बिघडलं असेल तर आधी डबा बदलावा, कपाट बदलावं, हवा बदलावी. नाण्याला हात लावण्याची पाळी फार क्वचित येते. ती कधी येते हेही नेमकं सांगता येतं, म्हणून थोडं रसायनशास्त्र.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. सिल्व्हर सल्फाइडचा हा थर अतिशय पातळ असतो आणि एकदा बसला की नाण्याचं फारसं काही बिघडवत नाही. तो काढायचा म्हणजे त्याबरोबर गेलेली चांदीही काढून टाकायची. दर सफाईत अक्षरांच्या कडा थोड्या बोथट होतात. तांब्यावरचा गडद हिरवा किंवा तपकिरी, घट्ट आणि गुळगुळीत थर हाही तसाच स्थिर असतो. खरा शत्रू वेगळा आहे. मिठातलं क्लोराइड तांब्याच्या आत शिरून बसलं असेल आणि हवेतली आर्द्रता साधारण चाळीस टक्क्यांच्या वर गेली, की आतल्या आत प्रक्रिया सुरू होते आणि नाण्यावर फिक्या हिरव्या, पिठासारख्या भुकटीचे ठिपके उमटतात. संग्राहक याला ब्रॉन्झ डिसीझ म्हणतात. झटकली तर भुकटी पडते, खाली खड्डा दिसतो, आणि काही दिवसांत पुन्हा भुकटी येते. हे नाणं मात्र थांबू देत नाही. ते इतरांपासून वेगळं करून कोरड्या हवेत ठेवावं लागतं, त्यातलं क्लोराइड काढण्याचे उपचार करावे लागतात. गडद आणि घट्ट असेल तर राहू द्या, फिकं आणि भुसभुशीत असेल तर धाव घ्या, एवढा फरक डोळ्यांनी कळतो. सफाईचा हट्ट धरणारे हा फरकच करत नाहीत.

या हट्टाची किंमत किती, ते मोजायला रैढ बरं आहे. टोंक जिल्ह्यात निवाईजवळ, ढील नदीच्या काठी हे गाव. तेव्हा जयपूर संस्थानात होतं. साहनींनंतर के. एन. पुरी यांनी १९३८ ते १९४० या काळात इथे खोदलं आणि चांदीची ३,०७५ आहत नाणी बाहेर काढली. एका स्थळावरून इतकी आहत नाणी मिळणं ही असामान्य गोष्ट होती. याच वर्षांत पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी आहत नाण्यांच्या मागे लागले होते. तक्षशिलेच्या भीर टेकडीवर मिळालेल्या ठेव्याची तपशीलवार नोंद वॉल्श यांनी १९३९ साली छापली होती, आणि कोसंबींनी ती एखाद्या संख्याशास्त्राच्या उदाहरणासारखी सोडवली. विचार साधा होता. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. एकाच वजनाने पाडलेली नाणी जितकी जास्त वर्षं फिरली तितकी हलकी होणार, आणि त्यांच्या वजनांतला आपसांतला फरकही वाढत जाणार. त्या काळच्या चलनातली हजारो नाणी तोलून त्यांनी ही चाल तपासून घेतली. मग असं दिसलं की आहत नाण्यांच्या मागच्या बाजूला जे बारीक ठसे असतात, त्यांची संख्या वाढते तसं सरासरी वजन कमी होतं. हे ठसे व्यवहारात नाणं तपासताना अधूनमधून मारलेले असावेत, या मताला त्यामुळे आकड्यांचा आधार मिळाला. ज्या नाण्यांवर राजाचं नाव नाही, साल नाही, एक अक्षरसुद्धा नाही, त्यांना कोसंबींनी तराजूवर बोलतं केलं.

पण तराजू बोलतो तो नाण्यावर कोणी हात फिरवलेला नसेल तरच. आहत नाण्याचं प्रमाण वजन ३२ रत्ती, म्हणजे साधारण सव्वातीन ते साडेतीन ग्रॅम. झिजेचा हिशेब यातल्या अगदी छोट्या अंशावर चालतो. जमिनीतल्या थराने नाणं जड होतं आणि आम्लात बुडवल्यावर हलकं होतं; नुसता थर जात नाही, चांदीतलं तांबंही जातं. एका ठेव्यातली निम्मी नाणी सौम्य उपचाराने साफ केली आणि निम्मी सोनाराकडच्या तेजाबात बुडवली, तर त्यांच्या वजनांतला फरक हा फिरण्याचा आहे की धुण्याचा, हे जगातला कोणताही गणिती सांगू शकणार नाही. मागचे ते बारीक ठसेही उथळ असतात, घासण्यात तेच आधी जातात. म्हणून ठेवा मिळाल्यावर सफाईच्या आधी एकदा आणि नंतर एकदा वजन करणं, कोणत्या नाण्यावर कोणता उपचार केला हे लिहून ठेवणं, ही नुसती कारकुनी नाही. ते केलं नाही तर नाणी राहतात आणि त्यांची निम्मी साक्ष जाते.

मग इतकी शहाणी माणसं नाणी घासत का आली? मला वाटतं, नाण्याकडे पाहण्याची आपली नजर मुळात सराफाची आहे. मोगलांच्या राज्यात चालू वर्षाचा रुपया तो सिक्का, त्याच बादशहाच्या मागच्या वर्षांचा तो चलनी, आणि आधीच्या बादशहांचा तो खजाना, अशी वर्गवारी होती. जुन्या नाण्याला बट्टा लागे. सवाई जयसिंगाने १७२७ साली जयपूर वसवलं, आणि तिथल्या टांकसाळीतही आधी दिल्लीच्या बादशहाच्या नावाने नाणी पडू लागली. सहा फांद्यांच्या डहाळीचं चिन्ह असलेला जयपूरचा रुपया झाडशाही म्हणून ओळखला जाई. १८५७ नंतर बादशहाच्या जागी व्हिक्टोरिया राणी आली, सोबत जयपूरच्या महाराजा रामसिंगाचं नाव आलं, आणि हे काम १९४९ पर्यंत चाललं. या सगळ्या व्यवस्थेत जुनेपणाला किंमत नव्हती. जुनेपणा म्हणजे तोटा. सराफ नाणं वाजवून घेई, कसाला लावी, तोली. नाणं काळं असेल तर वर काय बसलंय आणि खाली चांदी किती, एवढाच त्याचा प्रश्न. त्याच्या दृष्टीने तो बरोबरच होता. होळकर-शिंद्यांच्या खंडणीसाठी जयपूरहून तोडेच्या तोडे निघाले, तेव्हा पोतनिसाला त्या रुपयांवरची डहाळी किती सुबक आहे याच्याशी कर्तव्य नव्हतं. पुन्हा टांकसाळीत वितळणं हेच बहुतेक रुपयांचं ठरलेलं भविष्य होतं.

अडचण ही की नाणं चलनातून संग्रहात गेलं तरी हात तेच राहिले. रिठ्याचं पाणी, चिंच, लिंबू, राख, भट्टीतलं तेजाब, पितळी तारांचा ब्रश; घरातली तांब्याची भांडी आणि दागिने ज्यांनी साफ होतात त्यांनीच नाणीही साफ होऊ लागली. वाजवून पाहण्याची सवयसुद्धा तशीच चालत आली. खणखणीत नाणं ही आपल्याकडची मोठी स्तुती आहे, पण शतकानुशतकं जमिनीत राहिलेली चांदी आतून ठिसूळ झालेली असते. ती वाजत नाही, आणि दगडावर टाकली तर तुटू शकते. नाणं खोटं नसतं, म्हातारं असतं.

जयपूरच्या सार्वजनिक संग्रहाची घडणही या नजरेच्या फारशी आड आली नाही. अल्बर्ट हॉलची पायाभरणी ६ फेब्रुवारी १८७६ ला प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते झाली, स्विंटन जेकब यांच्या आराखड्याने इमारत उभी राहिली आणि १८८७ मध्ये तिथे वस्तुसंग्रहालय सुरू झालं. त्यामागे थॉमस होल्बाइन हेंडली होते आणि त्यांचा भर कलाकौशल्यावर होता: कारागिरांनी येऊन उत्तम नमुने पाहावेत, तसं काम करावं. अशा ठिकाणी वस्तू झळकलेलीच हवी. राजपुतान्यातल्या संस्थानांच्या नाण्यांवरचं पहिलं मोठं पुस्तक १८९३ साली डब्ल्यू. डब्ल्यू. वेब यांनी लिहिलं. हेंडली डॉक्टर, वेबही डॉक्टर; राजस्थानच्या जुन्या वस्तू तपासणारे हे दोघेही शल्यवैद्य निघाले, हा योगायोग गमतीचा आहे. वेब यांचं लक्ष नाण्यावर काय लिहिलंय, कोणत्या टांकसाळीचं चिन्ह आहे, याकडे होतं. ते नाणं कुठल्या थैलीतून, कुठल्या भांड्यातून आलं हा प्रश्न त्या काळात कोणीच फारसा विचारत नव्हतं, म्हणून त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण त्यामुळे नाण्याची नोंद म्हणजे चिन्ह, लेख आणि वजन, एवढी चौकट पक्की झाली, आणि नाण्यावर बसलेला थर या चौकटीबाहेर राहिला.

कपाटांनी स्वतःची भर घातली. नाण्यांच्या खणात लोकरी बनात किंवा मखमल अंथरायची पद्धत होती. लोकरीत गंधक असतं, म्हणजे चांदी काळी करण्याची सामग्री मऊ गादी म्हणून नाण्याखालीच घातली जाई. काही लाकडांतून आणि आजच्या प्लायवूडमधून आम्लाची वाफ निघत राहते. चांदीला ती फारशी बाधत नाही, पण शिशाला बाधते. सातवाहनांची शिशाची नाणी सांभाळणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण बंद खणात शिशाचं नाणं पांढऱ्या भुकटीत जमा होऊ शकतं. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागद हे गंधकाचे आणि आम्लाचे आणखी दोन घरगुती पुरवठेदार. आणि आता पीव्हीसीच्या पारदर्शक पिशव्यांचे अल्बम. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेली द्रव्यं काही वर्षांत बाहेर येतात, नाण्यावर हिरवट चिकट लेप बसतो आणि त्याखाली तांबं खाल्लं जातं. सफाईला माझा सरसकट विरोध नाही, हे इथे सांगायला हवं. हा लेप शुद्ध ॲसिटोनमध्ये धुऊन काढावाच. ॲसिटोन धातूला लागत नाही, आणि पीव्हीसीचा लेप कोणत्याही इतिहासाचा पुरावा नाही, आपल्याच काटकसरीचा आहे.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा येईल की जमिनीला मी फार सभ्य ठरवतो आहे. बैराटचं भांडं दिसतं कारण ते टिकलं. जी नाणी मातीत विरघळून गेली त्यांची बाजू कोण मांडणार? आक्षेप खरा आहे. जयपूरच्या पश्चिमेला सांभर आहे, देशातल्या मोठ्या मिठाच्या सरोवरांपैकी एक. साहनींनी तिथे नलियासर इथे खोदलं आणि सुमारे दोनशे नाणी मिळाली. मीठ म्हणजेच क्लोराइड. अशा भूमीत तांब्याचं नाणं ठेवणं म्हणजे रोगाचं बीज पेरून ठेवणं. माती दयाळू नाही. फरक इतकाच की मातीतल्या नाण्याचा परिसराशी कालांतराने एक समतोल होतो आणि झीज मंदावते. नाणं बाहेर निघतं, धुतलं जातं, पावसाळ्याच्या हवेत उघडं ठेवलं जातं, तेव्हा तो समतोल मोडतो. रोग जमिनीत लागला असेल, पण उठतो तो कपाटात. म्हणून खारट जमिनीतून आलेली नाणी इतरांत मिसळू नयेत, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. ती कुठून आली हे लिहिलेलं असलं की पुरे.

दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे. नाण्यावरचं वाचायचं तर थर काढावाच लागणार. उणियारा ठिकाण्यातल्या नगर किंवा कर्कोटनगरचं उदाहरण घेऊ. हेही जयपूर संस्थानातलं. पुरातत्त्वज्ञ कार्लाइल यांना १८७१ ते १८७३ या काळात इथे मालव गणाची सहा हजारांहून अधिक तांब्याची नाणी मिळाली. त्यांतली काही जगातल्या सर्वांत छोट्या नाण्यांत मोडतात: व्यास जेमतेम पाच मिलिमीटर, वजन १.७ ग्रेन, म्हणजे एका ग्रॅमचा साधारण नववा भाग. काहींवर मालवांच्या जयाचा उल्लेख आहे. पण कित्येकांवर मपोजय, मगजश, मजुप, गजव अशी विचित्र अक्षरमाला आहे. व्हिन्सेंट स्मिथ यांना ही परक्या सरदारांची नावं वाटली, जायसवालांना संक्षेप वाटले, ॲलन यांना मालवांच्या जयघोषातलीच अक्षरं उलटसुलट झालेली वाटली. हा वाद एकेका अक्षरावर उभा आहे. थराखाली अक्षर झाकलं असेल तर वाद सुटणार कसा, हे विचारणं रास्तच आहे.

तरीही हेच नाणं माझ्या बाजूने साक्ष देतं. ग्रॅमच्या नवव्या भागाएवढ्या तांब्याच्या कणात धातू उरलाय किती आणि क्षार झालाय किती? लिंबाच्या रसात रात्रभर ठेवलं तर सकाळी वाचायला नाणंच उरणार नाही, आणि उरलं तरी कोणतं अक्षर काळाने गाळलं आणि कोणतं आम्लाने, हे सांगता येणार नाही. ज्यांच्या मते ती अक्षरं निरर्थक आहेत आणि ज्यांच्या मते ती नावं आहेत, दोघांनाही मुळात कोरलेली रेघच हवी आहे. अशा नाण्यावर भिंगाखाली लाकडी काडीने किंवा काट्याच्या टोकाने, लेखाच्या जागेपुरता थर सोडवण्याचं काम होतं, आणि बाकीची बाजू तशीच सोडता येते. वाचण्यासाठी जेवढी गरज तेवढंच काढायचं, आणि आधी फोटो घ्यायचा. यात वेळ फार जातो. सहा हजार नाण्यांना असा वेळ देणारी माणसं कुठून आणायची, असा उपप्रश्न कोणी विचारेल, तर त्याला उत्तर आहे की सगळ्यांना तो देण्याची घाईच नाही. कोरड्या डब्यात नाणं पुढच्या पिढीच्या अभ्यासकाची वाट पाहू शकतं, आणि त्याच्याकडे कदाचित थर न काढता आत पाहणारी यंत्रं असतील.

तिसरा आक्षेप माझ्या मते सर्वांत जोरदार आहे: गंज आणि सफाई यांची चर्चा हा चैनीचा विषय आहे, भारतात नाणी मेली ती मुशीत. १९४६ साली तेव्हाच्या भरतपूर संस्थानात, बयाण्याजवळ, तांब्याच्या भांड्यात गुप्तांची सोन्याची नाणी सापडली. मूळ संख्या २,१०० च्या आसपास असावी. हाती आली ती १,८२१. बाकीची गावातल्या गावात नाहीशी झाली. त्यांची सूची केली ती कोल्हापूरकडच्या म्हाकव्याचे अनंत सदाशिव आळतेकर यांनी. ती १९५४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात पहिल्या चंद्रगुप्ताची १०, समुद्रगुप्ताची १८३, काचाची १६, दुसऱ्या चंद्रगुप्ताची ९८३, कुमारगुप्ताची ६२८ आणि स्कंदगुप्ताचं म्हणून एकच नाणं. सोन्याला ना बनात काळं करते ना पावसाळा. मग त्या अडीचशेहून जास्त नाण्यांपुढे चिंच-लिंबाची काय मातब्बरी?

पण ही उतरंड पुन्हा एकदा पाहा. ठेवा कधी पुरला गेला याचं अनुमान त्यातल्या सर्वांत अलीकडच्या नाण्यावरून काढतात, आणि इथे ते एका नाण्यावर टांगलेलं आहे. गहाळ झालेल्यांत स्कंदगुप्ताची आणखी दहा असती तर हूणांच्या स्वाऱ्यांच्या काळातल्या धामधुमीबद्दलचा आपला अंदाज थोडा सरकला असता. ते एकही गहाळ झालं असतं तर वेगळ्या दिशेने सरकला असता. म्हणजे मुशीतही धातू गेला नाही, त्याचं सोनं झालंच. गेला तो संबंध. सोनाराच्या मुशीत आणि लिंबाच्या वाटीत फरक प्रमाणाचा आहे. दोन्हीकडे नाण्यातलं मौल्यवान ते धातू आणि बाकीचं टाकाऊ, हाच हिशेब आहे. मुशीविरुद्ध १८७८ पासून कायदा आहे, वाटीविरुद्ध कोणताही कायदा करता येणार नाही, म्हणून तिच्यावर लिहावं लागतं.

उरला तो जयपूर कोरडं आहे हा दिलासा. वाळवंटाच्या उंबऱ्यावरच्या शहरात आर्द्रतेची चिंता कशाला? वर्षाला साठेक सेंटिमीटर पाऊस, तोही बहुतेक दोन-तीन महिन्यांत. पण नाण्याला वर्षाची सरासरी कळत नाही. नऊ महिने कोरडं आणि तीन महिने ओलं, हे वरखाली होणं एकसारख्या ओलीपेक्षा कमी त्रासाचं नाही. शिवाय उन्हाळ्यात पाण्यावर चालणारे कूलर खोलीत आपणहून पावसाळा आणतात. आणि कधी कधी पावसाळा खोलीत खरोखर शिरतो. १४ ऑगस्ट २०२० ला जयपुरात धुवाधार पाऊस झाला आणि अल्बर्ट हॉलच्या तळघरात पाणी भरलं. इजिप्तमधून आणलेली तिथली ममी पेटीची काच फोडून वर काढावी लागली, ही बातमी देशभर गाजली. त्याच पाण्यात कार्यालयाचे कागद आणि फाइली मोठ्या संख्येने भिजल्या आणि पुढे उन्हात वाळत घालाव्या लागल्या, ही बातमी मागे पडली.

नाण्यांच्या दृष्टीने दुसरी बातमी जास्त काळजीची आहे. चांदीचं नाणं पाण्यातून काढून पुसलं आणि कोरडं केलं तर निभावतं. कुठल्या गावच्या कुठल्या भांड्यातून, कुणाबरोबर, कोणत्या साली आलं, हे सांगणारी नोंदवही भिजून चिकटली तर ते नाणं पुन्हा सराफाच्या तराजूवरचा तुकडा होतं, आणि चिंचेच्या पाण्यातून जे नाहीसं होतं तेच इथे शाईतून नाहीसं होतं. म्हणून संग्रहाच्या डागडुजीत पहिला खर्च नोंदवहीची दुसरी प्रत काढून ती वेगळ्या इमारतीत ठेवण्यावर व्हावा, दुसरा आम्लविरहित कागदाची पाकिटं आणि सिलिका जेल यांवर, आणि खालच्या मजल्यावरचे खण वर नेण्यावर. भुसभुशीत हिरव्या ठिपक्यांची नाणी वेगळी काढण्यासाठी पावसाळ्यानंतर एकदा सगळे खण उघडून पाहावेत. दिवाळीच्या सुमाराला, लक्ष्मीपूजनासाठी घरोघर जुने रुपये बाहेर निघतात तेव्हा केलं तर लक्षातही राहील. तेव्हा ते रुपये ताटात ठेवण्याआधी दही-हळदीने चोळायची रीत काही घरांत आहे. घरातल्या वापरातल्या चांदीला ते चालतं. झाडशाहीला नको.